मशीहा आल्यावर जग संपेल, असे यहुदी मानतात का?

अलिबागजवळच्या खंडाळ्याला बेने इस्राएल (कोकणातील यहुदी) लोक ज्यांना एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा मानतात त्या पाहिल्यावर, हा प्रेषित मशीहाच्या (यहुद्यांना अपेक्षित असलेल्या तारणहार राजाच्या) आधी येणार असेल तर त्यानंतर प्रलय होतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या वाचनाप्रमाणे रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, मुख्य परंपरेत संपते ती यहुद्यांची परागंदा अवस्था, जग नव्हे. मृतांचे पुनरुत्थान आणि ‘येणारे जग’ या कल्पनाही तेथे आहेत, परंतु मशीहाचा काळ बहुधा त्यांहून वेगळा धरला जातो.

याची सर्वांत स्पष्ट मांडणी बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज यांनी ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेच्या अखेरीस केली. ताल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातील शमुएल या पंडिताचे मत स्वीकारून ते सांगतात की, आजच्या आणि मशीहाच्या काळात फरक राहील तो फक्त परकीय सत्तांच्या ताबेदारीचा; लांडगा कोकराजवळ राहील हे यशया या प्रेषिताचे वचन त्यांच्या लेखी रूपक आहे. मशीहाने चमत्कार दाखवलेच पाहिजेत असेही ते मानत नाहीत, आणि त्यासाठी दिलेला दाखला मला फार मार्मिक वाटतो. इ.स. 132 ते 135 या काळात रोमनांविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला रब्बी अकिवांनी मशीहा मानले, पण त्याच्याकडे खूण मागितली नाही. तो मारला गेला तेव्हाच तो मशीहा नव्हता हे उमगले. म्हणजे दाव्याचा निकाल इतिहासातच लागतो.

त्या उठावात यहुदिया या यहुद्यांच्या प्रांताची धूळधाण झाली. ताल्मूदमध्ये अंताचा, म्हणजे मशीहा कधी येणार याचा, हिशेब मांडणाऱ्यांना शाप दिलेला आहे, त्यामागे अशाच भाजलेल्या अनुभवांची धग असावी असे मला वाटते. गंमत म्हणजे त्याच चर्चेत जगाचे आयुष्य सहा हजार वर्षे सांगणारे वचनही येते. शापाने मोह मात्र सुटला नाही: 1665 साली शब्बताई झ्वी मशीहा म्हणून जाहीर झाला तेव्हा अनेक देशांतले यहुदी हर्षभरित झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने ऑटोमन सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला.

एलियाहूविषयी सांगायचे तर हिब्रू बायबलमधील मलाखीच्या पुस्तकाच्या अखेरीस तो बापांची मने मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील असे म्हटले आहे. त्याच्या येण्याचा हेतू काय, यावर मिश्नात (ताल्मूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात) मतभेद नोंदवले आहेत. त्यांतील शेवटचे मत असे की, तो कोणाला दूर लोटायला किंवा जवळ करायला नव्हे, तर जगात सलोखा घडवायला येईल.