लाइव्ह सीडीच्या कर्नलमध्ये बिल्ट-इन काय आणि मॉड्यूल काय?

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवून बनवलेली लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारी लिनक्स) तुमच्या मशीनवर चालते, दुसरीकडे अडकते. मग कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, कॉन्फिग (त्यात कोणते भाग घ्यायचे त्याची यादी) कुठून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

लोकलमॉडकॉन्फिग या कामाचं नाहीच. त्या क्षणी तुमच्या मशीनवर लोड असलेली मॉड्यूल्सच (कर्नलला लागतील तेव्हा जोडले जाणारे वेगळे तुकडे) ते ठेवतं, बाकीची गाळतं. मी डिस्ट्रोच्या (उबंटू, डेबियनसारख्या तयार लिनक्सच्या) कर्नलची कॉन्फिग 'डॉट कॉन्फिग' नावाने सोर्सच्या फोल्डरमध्ये ठेवून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवेन आणि मग मोजकेच बदल करेन.

बदल ठरवताना स्क्वॉशएफएस (सीडीवर सगळी सिस्टम दाबून ठेवणारी फाइलसिस्टम) माउंट होईपर्यंत काय काय लागतं ते बघा. डिव्हटीएमपीएफएस, आयएसओ ९६६०, लूप डिव्हाइस, स्क्वॉशएफएस, ओव्हरलेएफएस (स्क्वॉशएफएसवर लिहिता येणारा थर चढवणारं, कर्नल ३.१८ पासून) आणि टीएमपीएफएस (रॅममधली फाइलसिस्टम) हे बिल्ट-इन करा, म्हणजे कर्नलच्या मुख्य फाइलमध्येच बसवा. टीएमपीएफएसचा एक्सअ‍ॅट्रचा (फाइलला जोडलेल्या जादा माहितीचा) पर्याय विसरू नका, ओव्हरलेच्या वरच्या थराला तो लागतो. हार्डवेअरपैकी एसआर (सीडी ड्राइव्ह), एएचसीआय (साटा), एक्सएचसीआय आणि ईएचसीआय (यूएसबी), यूएसबी स्टोरेज आणि यूएएस हे ड्रायव्हरही बिल्ट-इन असले की इनिटरॅमएफएसमधली (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उलगडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममधली) मॉड्यूल्सची उठाठेव बरीच वाचते. ग्राफिक्स आणि वायफाय मात्र मॉड्यूलच ठेवा. ते बिल्ट-इन केले तर रूट माउंट होण्याआधीच फर्मवेअर (त्या हार्डवेअरला लागणारी वेगळी फाइल) शोधतात, ते मिळत नाही आणि स्क्रीन काळी पडू शकते किंवा वायफाय चालत नाही.

कॉम्प्रेशनमध्ये हमखास घोटाळा होतो. स्क्वॉशएफएस इमेज बनवणाऱ्या एमकेस्क्वॉशएफएसला एक्सझेड सांगितलं असेल तर कर्नलमध्ये स्क्वॉशएफएसचा एक्सझेडचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. झेडस्टँडर्डला कर्नल ४.१४ किंवा पुढचा हवा. इमेज थोडी मोठी होते, पण उलगडते झपाट्याने. ७०० एमबीत बसवायचंच असेल तर एक्सझेड. इनिटरॅमएफएसच्या कॉम्प्रेशनचा पर्याय याहून निराळा, तोही तपासा.

कुठे अडकतं त्यावरून कारण कळतं. 'अनेबल टु माउंट रूट एफएस' म्हणत पॅनिक आलं (कर्नल थांबला) तर बहुधा इनिटरॅमएफएसच उलगडलेलं नाही: बूटलोडरची इनिटआरडीची ओळ चुकली आहे किंवा इनिटरॅमएफएसच्या कॉम्प्रेशनचा पर्याय बंद आहे. 'इनिट'पाशी (कर्नल सगळ्यात आधी चालवतो त्या प्रोग्रॅमपाशी) एरर उणे ८ आली आणि इनिट शेल स्क्रिप्ट असेल, तर बिनएफएमटी स्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवू देणारा कर्नलचा पर्याय) बंद आहे का ते आधी बघा. इनिटरॅमएफएसच्या शेलपर्यंत पोचून सीडी सापडत नसेल तर ड्रायव्हर नाही, किंवा यूएसबी अजून जागं झालेलं नाही. इनिटमध्ये दर सेकंदाला डिव्हाइस शोधणारा, ३० सेकंद वाट पाहणारा लूप घाला.

आकार कमी करायचा तर ड्रायव्हर छाटू नका. डीबग इन्फो बंद करा आणि 'मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल'ला इन्स्टॉल मॉड स्ट्रिप बरोबर १ द्या, बराच भार तिथेच उतरतो. मॉड्यूल्सच्या फोल्डरचं नाव मात्र 'यूनेम आर' दाखवते त्या कर्नलच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

चाचणीसाठी नुसत्या क्यूईएमयूवर (खोटं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅमवर) विसंबू नका. त्याच्या नेहमीच्या 'पीसी' मशीनमध्ये सीडी जुन्या पीआयआयएक्स आयडीई कंट्रोलरवर दिसते, म्हणून एएचसीआय नसलेली कॉन्फिगही तिथे बिनबोभाट पास होते. सीडी एएचसीआयवर दाखवणाऱ्या 'क्यू३५' मशीनवर आणि यूएसबी स्टोरेज म्हणून जोडूनही तीच आयएसओ बूट करून बघा.