वेब स्क्रिप्टिंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम आखताना सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा: वेब स्क्रिप्टिंग हा विषय तुम्ही महाविद्यालयात काही वर्षे वर्गात शिकवत आला आहात. पुढील सत्रापासून तो १५ आठवड्यांत संपूर्णपणे ऑनलाइन शिकवायचा आहे आणि त्यात ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट व सर्व्हरवर चालणारी पीएचपी या दोन्ही भाषा घ्यायच्या आहेत. त्याची आखणी कशी करावी आणि सत्र सुरू होण्यापूर्वी सगळ्या व्याख्यानांचे व्हिडिओ तयार करून ठेवावेत का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: व्हिडिओ इतक्यात सुरू करू नका. हा विषय मी पहिल्यांदा ऑनलाइन शिकवला, तेव्हा सुट्टीभर बसून तासा-तासाची व्याख्याने तयार केली होती, आणि सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच लक्षात आले की विद्यार्थी जिथे अडत होते त्या जागांविषयी माझ्या व्याख्यानांत एक अक्षरही नव्हते.

याचे कारण असे की प्रयोगशाळेत आपण जे शिकवतो त्यातला मोठा भाग आपल्या टिपणांत नसतोच. आपण बाकांमधून फिरतो, विद्यार्थ्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहतो, आणि अकराव्या ओळीतला कंस बंद झालेला नाही हे आपल्याला क्षणात दिसते. ऑनलाइन शिकवताना व्याख्यान हरवत नाही, ही नजर हरवते. त्यात या विषयाचा स्वभाव असा की चूक झाल्यावर तो पुष्कळदा गप्प बसतो. जावास्क्रिप्टमध्ये चूक असेल तर बटण दाबून काहीच घडत नाही आणि संदेश उमटतो तो कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या वेगळ्या खिडकीत, जी उघडायची असते हे नवख्याला ठाऊकच नसते. सर्व्हरवर एरर दाखवणे बंद ठेवलेले असेल, तर पीएचपीतली एखादी चूक कोरे पांढरे पान किंवा ५०० क्रमांकाचा त्रोटक संदेश पुढे करते. रात्री अकरा वाजता एकटा बसलेला विद्यार्थी त्या कोऱ्या पानाकडे पाहून ‘हा विषय मला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढतो, आणि तो आपल्याला कळवतही नाही.

म्हणून माझ्या मते आखणीची सुरुवात पाठ्यक्रमातील घटकांच्या यादीपासून न करता अडण्याच्या जागांच्या यादीपासून करावी. मागील वर्षांचे स्वाध्याय समोर घ्या आणि प्रत्येकासाठी प्रयोगशाळेत तुम्ही दहा वेळा सांगितलेली वाक्ये आठवून लिहून काढा. माझ्या यादीत अशा गोष्टी होत्या: पानाच्या माथ्यावर लिहिलेली स्क्रिप्ट घटक तयार होण्याआधीच धावते आणि तिला तो घटक सापडत नाही, जावास्क्रिप्टला फॉर्ममधून मिळालेला आकडा मजकूर म्हणून येतो, त्यामुळे ५ आणि ३ यांची बेरीज ८ न होता ५३ होते, पण वजाबाकी मात्र बरोबर २ येते, पीएचपीची फाइल सर्व्हरमार्फत न उघडता थेट माउसने दोनदा टिचकी मारून उघडली जाते, सेशन (वापरकर्त्याची माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर लक्षात ठेवण्याची सोय) सुरू करण्याच्या ओळीआधी एखादी रिकामी ओळ राहते आणि हेडर (पानाच्या आधी जाणारी माहिती) आधीच पाठवले गेल्याची तक्रार येते, फाइल बदललेली असते, पण ब्राउझर साठवलेली जुनीच प्रत दाखवत राहतो. यातील प्रत्येक नोंद कोणत्या आठवड्यात पहिल्यांदा भेटेल हे ठरवले की अभ्यासक्रमाचा सांगाडा जवळजवळ तयार होतो. एरर वाचायला शिकवणे हा पहिल्या आठवड्याचा विषय ठेवा, परिशिष्टाचा नव्हे. मुद्दाम मोडलेली पाच लहान पाने द्यावीत आणि प्रत्येकातला संदेश कोणत्या फाइलकडे व कोणत्या ओळीकडे बोट दाखवतो एवढेच विचारावे. दुरुस्ती नंतर करता येते.

अडण्याच्या बहुतेक जागांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: हा कोड नेमका कुठे चालतो आहे? पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही १९९५ साली लोकांसमोर आल्या, दोन्हींचा कोड एकाच फाइलमध्ये एचटीएमएलच्या शेजारी बसू शकतो, आणि म्हणून विद्यार्थ्याला तो एकच मजकूर एकाच जागी चालतो असे वाटते. यावर मी एक प्रयोग करून घेतो. एकाच पानावर वेळ दोनदा दाखवायची, एकदा पीएचपीने आणि एकदा जावास्क्रिप्टने. पहिली पान पुन्हा मागवेपर्यंत गोठलेली राहते, दुसरी सेकंदागणिक पुढे सरकते. मग पानाचा स्रोत पाहायला सांगायचे, तेव्हा जावास्क्रिप्टचा कोड जसाच्या तसा दिसतो आणि पीएचपीचा कोड गायब होऊन त्या जागी नुसती वेळ उरलेली असते. शेवटी स्वतःच्या संगणकाचे घड्याळ एक तास पुढे करून पान पुन्हा मागवायचे, म्हणजे एकच वेळ बदलते. या वीस मिनिटांनंतर बरेच काही आपोआप समजावता येते. मात्र सर्व्हर विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच संगणकावर असेल तर हा शेवटचा भाग फसतो, कारण दोन्ही वेळा एकाच घड्याळातून येतात.

त्यावरून साधनांचा मुद्दा येतो. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर सर्व्हर आणि डेटाबेस बसवून घ्यावा, हा मार्ग प्रयोगशाळेत ठीक असतो, कारण तिथे सगळी यंत्रे सारखी असतात. ऑनलाइन वर्गात प्रत्येकाचे यंत्र निराळे, प्रत्येकाची अडचण निराळी, आणि माझे पहिले दोन आठवडे सर्व्हरला लागणारा पोर्ट क्रमांक दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामने अडवला आहे हे शोधण्यात गेले होते. त्याऐवजी महाविद्यालयाच्या सर्व्हरवर प्रत्येकाला एक खाते आणि एक डेटाबेस मिळवून द्या. त्यासाठी संगणक विभागाकडे सत्राच्या दोन महिने आधी अर्ज करावा लागला तरी चालेल. याचा आणखी एक लाभ असा की लिनक्सवर फाइलच्या नावातील लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळला जातो, विंडोजवर तो सहसा पाळला जात नाही. स्वतःच्या यंत्रावर दिसणारे चित्र सर्व्हरवर का दिसत नाही, हा धडा शेवटच्या प्रकल्पाच्या आदल्या रात्री मिळण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात मिळालेला बरा. सत्रापूर्वी एक छोटी प्रश्नावली पाठवून कोणाकडे संगणक आहे, कोण फक्त मोबाइलवर अवलंबून आहे आणि जोडणी कशी आहे हेही विचारून घ्या. केवळ मोबाइल असणाऱ्यांची सोय सत्र सुरू झाल्यावर करता येत नाही.

आठवड्यांची वाटणी मी अशी करतो. पहिले दोन आठवडे फॉर्म, ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील एचटीटीपीची देवाणघेवाण आणि एरर वाचन. तिसरा ते सातवा जावास्क्रिप्ट. आठवा आठवडा दोन्ही भाषांमधला पूल. नववा ते तेरावा पीएचपी, सेशन आणि डेटाबेस. उरलेले दोन प्रकल्पासाठी. जावास्क्रिप्ट आधी घेतो, कारण तिचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो. सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट चालवता येत असताना पीएचपी कशाला, असे कोणी विचारील. ते करून देणारे नोड २००९ साली आले आणि व्यवसायात ते भरपूर वापरले जाते हे खरे. पण पहिल्याच अभ्यासक्रमात दोन्ही टोकांना एकच भाषा असली की वरचा ‘कुठे चालतो’ हा प्रश्न पुसट होतो. दोन भाषांचा त्रास इथे उपयोगी पडतो, असे माझे मत झाले आहे. फ्रेमवर्क, म्हणजे तयार कोडचा सांगाडा, मात्र एकही घेऊ नका.

पुलाच्या आठवड्यात सुरक्षितता घ्यावी. ती शेवटच्या प्रकरणात ढकलली की उरकली जाते. विद्यार्थ्यांनी तोवर जावास्क्रिप्टने फॉर्म तपासणारे पान लिहिलेले असते. त्यांना ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करून नगसंख्या उणे पाच भरून पाठवायला सांगा. सर्व्हर ती निमूटपणे स्वीकारतो हे स्वतः पाहिल्यावर सर्व्हरवरील तपासणी का लागते हे वेगळे पटवावे लागत नाही. डेटाबेसच्या पहिल्याच पाठापासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट (ज्यात डेटाबेसची आज्ञा आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती वेगवेगळी पाठवली जाते) वापरा. ‘आधी सोपी रीत, मग सुरक्षित रीत’ असा क्रम ठेवला तर हाताला पहिलीच सवय लागते. जुनी टिपणे वापरत असाल तर ती ओळीओळीने तपासून घ्या. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची मूळची फंक्शन्स सातव्या आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, काढून टाकली गेली, तरी ती जुन्या टिपणांत अजून सुखाने नांदत आहेत. जावास्क्रिप्टच्या बाबतीत २०१५ च्या प्रमाणावृत्तीपासूनची लेखनपद्धती शिकवावी. त्यानंतर दरवर्षी नवी आवृत्ती येते, पण प्रत्येकीच्या मागे धावण्याचे कारण नाही.

मराठी वाचकांसाठी एक उपयुक्त आडवळण सांगून ठेवतो. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ६ सांगते, पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत १८ सांगते, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात अक्षरे तीन असतात. पहिली भाषा स्वरचिन्हे व हलन्त सुटे मोजते, दुसरीचे ते फंक्शन बाइट मोजते. नावासाठी २० अक्षरांची मर्यादा घालणारा फॉर्म देवनागरीत का बिघडतो, हा स्वाध्याय मी दरवर्षी देतो आणि त्यावरची चर्चा सगळ्यांत जास्त रंगते.

आता व्हिडिओंकडे वळू. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांच्या ६९ लाख पाहणी-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक कालावधी फार तर सहा मिनिटांचा असतो, असे त्यात आढळले. म्हणून एका व्हिडिओत एकच कल्पना ठेवा. कोड आधी लिहून ठेवून दाखवू नका, समोर टंकित करा आणि चूक झाली तर ती कापू नका. तुम्ही कन्सोल उघडून ती कशी शोधता हे पाहणे म्हणजेच खांद्यावरून डोकावणाऱ्या त्या नजरेची थोडीफार भरपाई. व्हिडिओत तारीख, स्वाध्यायाचा क्रमांक किंवा ‘मागच्या आठवड्यात’ असे शब्द येऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या सत्रात तो निरुपयोगी होतो. प्रत्येक व्हिडिओसोबत बोललेले शब्द दाखवणारी उपशीर्षके द्या, आणि त्यातला कोड चित्र म्हणून न देता मजकूर म्हणून द्या, कारण पडदावाचक वापरणाऱ्याला चित्रातला कोड ऐकू येत नाही.

व्हिडिओपेक्षा जास्त वेळ मी सरावांवर घालवतो. कोड चालवण्यापूर्वी त्याचे फलित काय येईल हे लिहून पाठवणे, आणि विस्कटलेल्या ओळी योग्य क्रमाने लावणे, हे दोन प्रकार फार उपयोगी आहेत. दुसरा प्रकार डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली मांडला आणि तो पार्सन्स-कोडी या नावाने ओळखला जातो. मोबाइलवरही तो सोडवता येतो. दर आठवड्याला मध्यावर एक लहान आणि शेवटी एक मोठी अशा दोन मुदती ठेवाव्यात, कारण एकच मुदत असली की सगळे काम त्या रात्री होते आणि शंका विचारायला वेळच उरत नाही. शंका विचारताना काय अपेक्षित होते, काय घडले, कोणता संदेश आला आणि आतापर्यंत काय करून पाहिले, या चार गोष्टी सक्तीच्या ठेवा. निम्म्या शंका लिहिता लिहिताच सुटतात, हा माझा अनुभव आहे. स्वाध्याय किती वेळ घेईल याचा अंदाज करण्यासाठी तो स्वतः घड्याळ लावून सोडवा आणि त्या वेळेची निदान तिप्पट धरा.

मूल्यमापनात कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने गृहीत धरूनच चला. नुसती जमा केलेली फाइल आता आकलनाचा पुरावा मानता येत नाही, आणि पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर बसवण्यात मला राम वाटत नाही. मी सत्रात दोन वेळा प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर घेतो: स्वतःचाच कोड उघडायचा, मी सुचवलेला एक छोटा बदल समोर करायचा आणि तो कुठे चालतो ते सांगायचे. ६० विद्यार्थी असतील तर एका फेरीला १० तास लागतात, म्हणून ते आठवडे वेळापत्रकात आधीच मोकळे ठेवावे लागतात. गुणांची माझी विभागणी साप्ताहिक कामाला ४०, प्रकल्पाला ३० आणि तोंडी परीक्षांना ३० अशी आहे.

हे सगळे कागदावर आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांचेच व्हिडिओ करा आणि त्यापुढचे व्हिडिओ प्रत्येक वेळी दोन आठवडे आधी, विद्यार्थ्यांच्या शंका पाहत करत जा. तत्पूर्वी पहिल्या आठवड्याचे काम या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला करायला द्या आणि शेजारी गप्प बसून पाहा. मी दुसऱ्या विभागातील एका सहकाऱ्याला दिले होते. त्याने पहिले पान नोटपॅडमध्ये लिहिले आणि साठवले, पण विंडोजने फाइलच्या नावामागचे टीएक्सटी हे शेपूट लपवून ठेवले होते, त्यामुळे ब्राउझरने पानाऐवजी कोडच दाखवला. तो वीस मिनिटे अडून बसला होता. ती नोंद माझ्या यादीत नव्हती. आता ती पहिल्या आठवड्याच्या पहिल्या सूचनेत आहे.