नाडी पाहिल्याशिवाय चित्र मागवू नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र दोनदा वाचले. रुग्णाच्या मांडीतली धमनी बंद आहे, सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या चित्रात, ते स्पष्ट दिसते, नातेवाईक स्टेंटसाठी, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीसाठी, अधीर आहेत आणि तुला निर्णय घेता येत नाही. एवढ्या लांबलचक पत्रात एका गोष्टीचा उल्लेख मात्र नाही, आणि त्यानेच मी अस्वस्थ झालो. त्या पायांच्या नाड्या कोणी हाताने पाहिल्या का?

जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलावर अशा चारही ठिकाणी, दोन्ही पायांना हात लाव. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांनाही लागत नाही, पण घोट्यामागची लागली नाही तर ते सहज सोडून देऊ नकोस. मग हातातले साधे डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणारे ध्वनियंत्र, घेऊन घोट्यापाशी वरचा (सिस्टॉलिक) रक्तदाब मोज आणि दोन्ही दंडांतल्या वरच्या रक्तदाबांपैकी जो जास्त असेल त्याने त्याला भाग. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर धमनीविकार आहे. विश्रांतीत आकडा बरा दिसला आणि तक्रार मात्र खरी वाटली, तर रुग्णाला चालवून पुन्हा मोज. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या धमन्या चुन्याने कडक होतात, रक्तदाबाच्या पट्ट्याखाली दबत नाहीत आणि आकडा १.४० च्या वर जातो. त्या आकड्याने निर्धास्त होणाऱ्यांचा मला राग येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायचा असतो.

आता रुग्णाला विचार की किती चालल्यावर पोटरी भरून येते, आणि नुसते उभे राहिल्यावर काही मिनिटांत थांबते का. बसावे किंवा पुढे वाकावेच लागत असेल, तर दुखण्याचे मूळ कण्यातही असू शकते, आणि मग मांडीतल्या त्या बंद धमनीत स्टेंट घालूनही चालणे सुधारणार नाही. म्हणूनच आधी नाडी, मग चित्र, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो. चित्रात अडथळा दिसतो. त्या अडथळ्यानेच हा माणूस थांबतो का, हे चित्रात दिसत नाही.

तुझ्या रुग्णाला केवळ चालताना दुखत असेल, तर पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका त्याला मोठा आहे. तंबाखू पूर्ण बंद, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन, आणि रक्तदाब व साखर ताब्यात, हे ठरलेलेच आहे. त्यानंतर चालणे. देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे, किमान १२ आठवडे. दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे आणि पुन्हा चालायचे. ‘फिरत जा’ एवढे म्हणून रुग्णाला वाटेला लावणे म्हणजे उपचार नव्हे. ओटीपोटातल्या धमन्यांच्या अडथळ्यांवर झालेल्या ‘क्लेव्हर’ या रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचणीत (२०१२) सहा महिन्यांनंतर चालण्याची क्षमता स्टेंटपेक्षा अशा व्यायामाने जास्त वाढली होती. स्टेंट घातलेल्यांना जीवनमानात काही बाबतींत अधिक बरे वाटले, हेही मी लपवत नाही. सिलोस्टॅझोल या औषधाने चालण्याचे अंतर वाढू शकते, पण हृदय निकामी होत असलेल्याला ते देऊ नकोस. एवढे सगळे मनापासून करूनही रोजचे जगणे अडत असेल, तर अवश्य अँजिओप्लास्टीचा, म्हणजे फुग्याने धमनी रुंद करण्याचा, विचार कर.

सहकारी मला हटवादी म्हणतात, कारण नाड्यांची नोंद नसलेला कागद मी परत पाठवतो. मी यंत्रांच्या विरोधात आहे, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. १९६४ मध्ये अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली धमनी कॅथेटरने (आत सरकवलेल्या बारीक नळीने) रुंद केली आणि तो पाय वाचवला. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिथे पाय जाण्याच्या बेतात होता. रात्री पाऊल दुखून झोप न लागणे, पाय खाली सोडल्यावरच बरे वाटणे, न भरणारी जखम, काळे पडलेले बोट, यांपैकी काहीही असेल तर चालण्याचा व्यायाम सांगत बसू नकोस, रक्तपुरवठा लवकरात लवकर वाढवण्याच्या मागे लाग. पायातली मोठी शीर चांगली असेल, तर ती वापरून आधी बायपास, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया, केलेल्यांचे निकाल धमनी आतून उघडलेल्यांपेक्षा सरस आले, असे ‘बेस्ट-सीएलआय’ या तुलनात्मक चाचणीत (२०२२) दिसले. तेव्हा शल्यविशारदाला पहिल्याच दिवशी बोलाव.

माझी खंत याच रुग्णांची आहे. आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग होते, प्रतिजैविके बदलली जातात, कधी सुजेसाठी घट्ट पट्टीही बांधली जाते, आणि पावलाला कोणी बोट लावलेले नसते. माझ्यापर्यंत पोचेतो बोटाचा प्रश्न पायाचा झालेला असतो. मग मी हट्ट का सोडावा?

एक प्रसंग मात्र वेगळा आहे. पाय अचानक दुखू लागला, गार व फिकट पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर हाताशी उरलेला वेळ तासांत मोजायचा असतो. नाडी तिथेही पाहायची, पण आकडे काढत बसायचे नाही. रक्तस्रावाचा धोका नसेल तर हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) सुरू कर, आणि धमनी उघडता येईल अशा ठिकाणी रुग्णाला त्याच क्षणी, स्वतः फोन करून, पाठव.

तुझा हितचिंतक