अमोनियाच्या सेन्सरसाठी मेटल ऑक्साइड घेऊ की पॉलिमर? आणि ‘नॅनो’ने खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टला अमोनियाचा सेन्सर करायचाय, गाइड म्हणतायत टिन ऑक्साइड घ्या, सीनियर म्हणतोय वीज वाहून नेणारं पॉलिमर, म्हणजे पॉलिअ‍ॅनिलिन घे, आणि ‘नॅनो’ पाहिजेच यावर मात्र दोघांचं एकमत. मी स्वतः या दोन्हींवर बरंच काम केलंय, आणि अमोनियाच असेल तर माझं मत सीनियरच्या बाजूने. पण का, ते नीट कळायला हवं, नाहीतर व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल.

टिन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड हे एन-टाइप सेमीकंडक्टर, म्हणजे त्यांच्यात वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात. गरम केले की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर येऊन चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे कणाच्या कडेला इलेक्ट्रॉन कमी झालेला एक थर तयार होतो आणि रेझिस्टन्स वाढतो. मग अल्कोहोल, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया असा कुठलाही रिड्युसिंग गॅस आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन करतो, इलेक्ट्रॉन परत आत जातात आणि रेझिस्टन्स धाडकन पडतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा ऑक्सिडायझिंग गॅस असेल तर बरोबर उलटं. हे सगळं साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसला चालतं म्हणून हीटर लागतो, बाजारात मिळणारे एमक्यू सिरीजचे सेन्सर हाताला गरम लागतात ते त्यामुळेच.

आता नॅनोचं. तो इलेक्ट्रॉन कमी झालेला थर टिन ऑक्साइडमध्ये जेमतेम ३ नॅनोमीटरच्या आसपास असतो. कण १०० नॅनोमीटरचा असेल तर गॅस आल्यावर फक्त साल बदलते, गाभा तसाच राहतो. पण कण ६ नॅनोमीटरच्या खाली गेला की दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना भिडतात आणि अख्खा कणच गॅसला प्रतिसाद देतो. १९९१ च्या सुमारास जपानच्या यामाझोए यांच्या कामातून हे स्पष्ट झालं की या आकाराखाली सेन्सिटिव्हिटी एकदम चढते. म्हणजे नॅनो घेण्यामागे फिजिक्स आहे, फॅशन नाही. फॅशन असते ती त्या नॅनोफुलांच्या एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोंची, दिसायला सुंदर, पण कण एकमेकांना घट्ट चिकटून ढेकूळ झालं असेल तर गॅस आत पोचतच नाही, फिल्म सच्छिद्र आहे का ते आधी बघा. आणि बारीक कण ३०० अंशाला चालवत राहिलात की ते हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून सेन्सर ज्या तापमानाला चालवणार त्याच्या वरच्या तापमानाला आधीच कॅल्सिनेशन (भट्टीत भाजणं) करून घ्यायचं, थोडी सेन्सिटिव्हिटी गेली तरी चालेल.

ऑक्साइडचं खरं दुखणं सेन्सिटिव्हिटी नाहीच, सिलेक्टिव्हिटी आहे, म्हणजे हवा तोच गॅस ओळखणं. कोणीतरी शेजारी सॅनिटायझर चोळला तरी तुमचा ‘अमोनिया सेन्सर’ ओरडणार. यावर काही ठिकाणी फार छान तोड आहे, उदा. टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइड लावला तर दोघांमधल्या पी-एन जंक्शनमुळे (पी-टाइप म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा वीज वाहतात, तो आणि एन-टाइप भिडतात ती सीमा) रेझिस्टन्स आधी खूप वर असतो, हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचं सल्फाइड होतं, ते धातूसारखं वीज वाहून नेतं, जंक्शन मोडतं आणि रेझिस्टन्स कोसळतो. इतर गॅस हे करू शकत नाहीत. अमोनियासाठी इतकी नेमकी युक्ती ऑक्साइडकडे नाही.

पॉलिअ‍ॅनिलिनकडे आहे. अ‍ॅसिडने डोप केलेलं (म्हणजे त्याचे प्रोटॉन जोडलेलं) पॉलिअ‍ॅनिलिन हिरवं असतं आणि वीज वाहतं, अमोनिया बेस असल्यामुळे त्याच्यातला प्रोटॉन काढून घेतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि तेही रूम टेंपरेचरला, हीटरशिवाय! काचेवरची पातळ फिल्म अमोनियाच्या उघड्या बाटलीवर धरलीत तर हिरव्याची निळी होताना डोळ्यांनी दिसते (फ्यूम हूडमध्येच करा हं). बनवायलाही सोपं, अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅनिलिन, बर्फात बीकर, वरून अमोनियम परसल्फेट थेंब थेंब, थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग निळं होत होत गडद हिरवं.

पण पॉलिमरचे नखरे वेगळे. दमट हवेत बेसलाइन (गॅस नसतानाचा रेझिस्टन्स) हलते, जास्त अमोनिया दिला तर मूळ रेझिस्टन्सवर परत यायला फार वेळ लागतो, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने डोप केलं असेल तर ते हळूहळू उडून जातं आणि ड्रिफ्ट (रीडिंग आपोआप सरकत जाणं) सुरू होतो. त्यासाठी कॅम्फर सल्फॉनिक अ‍ॅसिडसारखा मोठा डोपंट बरा. आणि ऑक्साइडसारखं तापवून साफ करता येत नाही, पॉलिमर जळून जाईल.

म्हणून गाइडना दुखवायचं नसेल तर मधला रस्ता आहे, टिन किंवा टायटॅनियम ऑक्साइडचे नॅनोकण आधी द्रावणात नीट पसरवून त्यांच्याभोवतीच अ‍ॅनिलिनचं पॉलिमरायझेशन करा. पॉलिअ‍ॅनिलिन पी-टाइप, ऑक्साइड एन-टाइप, त्यामुळे त्यांच्या सीमेवर जंक्शन तयार होतं आणि बऱ्याचदा रिस्पॉन्स वाढतो, हीटर तरीही लागत नाही. फक्त ऑक्साइड जास्त घातलं तर वीज वाहायचा रस्ताच तुटतो, म्हणून वेगवेगळ्या प्रमाणांचे तीन-चार सँपल करा आणि नुसत्या पॉलिअ‍ॅनिलिनचा एक सँपल शेजारी ठेवा, नाहीतर फायदा ऑक्साइडमुळे झाला हे सिद्ध कसं करणार?

टेस्टिंगला अमोनिया देण्याआधी नुसती कोरडी आणि मग दमट हवा सोडून रेझिस्टन्स किती हलतो ते लॉग करा, चेंबरमध्ये ह्युमिडिटी सेन्सर कायम ठेवा, आणि त्यानंतर अल्कोहोल, अ‍ॅसिटोन देऊन बघा. सेटअपचा फोटो आणि इलेक्ट्रोडमधलं अंतर टाकलंत तर सर्किटबद्दल पण सांगतो.