‘औषधवितरण’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपुस्तिका तयार होतेय, तिच्यात ‘पॉलिमर-बेस्ड टार्गेटेड ड्रग डिलिव्हरी’ला ‘बहुलक-आधारित लक्ष्यवेधी औषधवितरण’ म्हटलं तर चालेल का? (म्हणजे औषध पॉलिमरच्या कणांत भरून अंगभर न पसरवता गाठीकडे नेण्याचा प्रयत्न.)

‘बहुलक’ आधी काढा. तो हिंदीतला पॉलिमर. मराठीत दहावीच्या गणितात बहुलक म्हणजे सामग्रीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्राप्तांक. पॉलिमरला आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘बहुवारिक’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. तरी रुग्णांसाठी सरळ ‘पॉलिमर’च लिहा, तो सगळ्यांना कळतो.

खरी अडचण ‘वितरणा’ची आहे. रेशनचं वितरण, बक्षिसांचं वितरण, विजेचं वितरण: प्रत्येक ठिकाणी एक वस्तू अनेकांना वाटली जाते. इथे नेमकं तेच टाळायचंय! साधी केमो हेच खरं वितरण. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध शिरेतून दिलं की ते रक्ताबरोबर अंगभर जातं. म्हणून केस गळतात, हातापायांना मुंग्या येतात. त्यात हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून देतात आणि त्या द्रावकाची काहींना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. दक्षिण कोरियात स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेल्या ‘जेनेक्सॉल-पीएम’मध्ये तो द्रावकच नाही. त्यात पॉलिमरच्या साखळ्यांचे अतिसूक्ष्म गोळे असतात. साखळीचं पाण्यात मिसळणारं टोक बाहेर, न मिसळणारं आत, आणि आतल्या भागात औषध. इथे पॉलिमर औषध वाहून नेतो. म्हणून ‘औषधवहन’ म्हणा, आणि पॉलिमरला ‘वाहक’.

‘लक्ष्यवेधी’ला माझी हरकत दुहेरी आहे. वाचणारा घाईत तो ‘लक्षवेधी’ वाचणार, आणि लक्षवेधी सूचना विधानसभेत मांडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वेध घेतला की नेम लागलाच, असं या शब्दातून वाटतं. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी 1986 साली दाखवलं की कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे बाहेर पडतात आणि साचून राहतात. पुष्कळशा पॉलिमर-वाहकांची भिस्त यावरच आहे. पण उंदरांत हा परिणाम जितका ठळक दिसतो तितका माणसांत दिसत नाही, आणि रुग्णागणिक, गाठीगणिक बदलतो. बरंचसं औषध यकृत आणि प्लीहेतही जातं. उपचार घेणाऱ्या बाईला शब्दानेच खोटी खात्री देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ‘लक्ष्यगामी’ बरा, कारण त्यात दिशा आहे, पोहोचल्याची हमी नाही.

तेव्हा मथळ्याला ‘लक्ष्यगामी औषधवहन’, आणि खाली लगेच साधं वाक्य: ‘औषध गाठीपर्यंत जास्त आणि इतर अवयवांत कमी जावं, म्हणून ते पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत भरून देतात.’

दवाखान्यात ‘टार्गेटेड थेरपी’ म्हणतात ती मात्र निराळी. हर्टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर्टू (HER2) नावाचं प्रथिन जास्त असलेल्या, गाठीवर देतात ते ट्रॅस्टुझुमॅब हे औषध त्या प्रथिनाला स्वतःच जाऊन चिकटतं. त्याला वाहक लागत नाही. रुग्ण ‘टार्गेटेड’ हाच शब्द डॉक्टरांकडून ऐकून आलेले असतात, म्हणून तो तिथे तसाच ठेवा आणि पुस्तिकेत त्याला वेगळा परिच्छेद द्या.