तीनदा औषध लावूनही मुलीच्या डोक्यात उवा परत का होतात?

मुलगी साडेचार वर्षांची, रिक्षाने बालवाडीत जाते, दोन महिन्यांत तीनदा उवांचं औषध लावलं, आणि दर वेळी पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा खाजवणं सुरू, असं तुम्ही लिहिलंय. सासूबाई सीताफळाच्या बिया लावा म्हणताहेत, यजमान केस भादरून टाका म्हणताहेत, आणि शाळेत बाईंना सांगायचं तुमच्या जिवावर आलंय. सगळ्याचं सांगते, पण आधी त्या पंधरा-वीस दिवसांचं, कारण घोळ तिथेच आहे.

मी सिंहगड रस्त्याला पाळणाघर चालवते. डॉक्टर नाही. पण अठरा वर्षांत दर वर्षी निदान एकदा तरी आमच्याकडे उवांची लाट आलीच आहे. आता पोर दारातून आत येताना त्याचा हात कानामागे कसा जातो, यावरूनही मला शंका येते.

लीख म्हणजे उवेचं अंडं. घातल्यापासून साधारण ७ ते ९ दिवसांत ते फुटतं. त्यातून निघालेलं पिल्लू आणखी नऊ-दहा दिवसांत मोठं होतं आणि स्वतःच लिखा घालू लागतं. एक मादी दिवसाला सहा-आठसुद्धा घालते. आपल्याकडच्या बहुतेक औषधांनी चालत्याफिरत्या उवा मरतात, लिखा मात्र पुष्कळशा वाचतात. म्हणजे रविवारी तुम्ही औषध लावलंत, दोन दिवसांत खाजवणं कमी झालं, बाटली कपाटात गेली. पुढच्या आठवड्यात उरलेल्या लिखा फुटल्या, पण ती पिल्लं इतकी बारीक की कुणाला दिसणार? त्यानंतर दहा दिवसांनी त्यांच्याच नव्या लिखा. तुम्ही तीनदा औषध लावलंत असं नाही, पहिलाच हात तीनदा लावलात.

दुसरा हात द्यायचा तो नवव्या दिवशी. तोवर जवळजवळ सगळ्या लिखा फुटलेल्या असतात आणि एकही पिल्लू लिखा घालण्याइतकं मोठं झालेलं नसतं. गंमत अशी की त्या दिवशी डोकं अगदी शांत असतं, मूल खाजवत नसतं, आणि म्हणूनच आया तो हात गाळतात. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: पहिला हात रविवारी, दुसरा त्याच्या पुढचा रविवार उलटल्यावर येणाऱ्या मंगळवारी. कालनिर्णयवर आजच गोल करून ठेवा.

औषधाचं म्हणाल तर केमिस्टकडे पर्मेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन मागा. ५ टक्क्यांचं मलम मिळतं ते खरजेचं, ते डोक्याला नको. आपल्याकडे रविवारी तेल चोपडून मग त्यावरच औषध लावायची पद्धत आहे, ती चूक. आधी साध्या शाम्पूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, टॉवेलने टिपायचे, मग दमट केसांना लोशन, कानामागे आणि मानेवर नीट, आणि घड्याळ लावून १० मिनिटं. धुताना मुलीला बेसिनवर वाकवा आणि डोळ्यांवर घडी केलेला पंचा धरायला द्या. अंघोळीच्या पाण्याबरोबर औषध अंगभर जायला नको. पुढचे एक-दोन दिवस डोकं धुवायचं नाही. धाकटं भावंड असेल आणि ते दोन वर्षांच्या आतलं असेल, तर मनाने काही न लावता आधी डॉक्टरांना विचारा. आणि औषध लावल्यावर दहा-बारा तासांनीही उवा पूर्वीसारख्याच चुरूचुरू पळत असतील, तर त्या उवांना ते औषध लागू पडत नाहीये. तेच पुन्हा चोपडत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते दुसरं औषध देतात. काही वेळा आयव्हरमेक्टिनची गोळीही देतात, पण १५ किलोच्या आतल्या मुलाला ती देत नाहीत, त्यामुळे ओळखीच्यांकडची गोळी तर मुळीच नको.

आता फणी. खरं काम तीच करते. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात दुपारी ओटीवर बायका एकामागे एक बसायच्या, पुढचीच्या डोक्यात मागचीची लाकडी फणी, आणि दोन नखांमध्ये ऊ चिरडल्याचा तो ‘टच’ आवाज मला अजून ऐकू येतो. त्या फण्या आजही तुळशीबागेत मिळतात. मी मात्र स्टीलची, लांब आणि अगदी जवळजवळ दात असलेली घेते, कारण प्लास्टिकचे दात वाकतात आणि लीख मधून निसटते. ओल्या केसांत भरपूर कंडिशनर थापायचा (हा फणी फिरवायच्या दिवशी, औषधाच्या दिवशी नाही), ओल्या बुळबुळीत केसांत ऊ पळू शकत नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मग केसांचे बोटाएवढे भाग पाडून फणी टाळूला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका हाताने ओढायची, आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. गॅलरीत, उजेडात बसा. दिव्याखाली काही दिसत नाही.

साडेचार वर्षांचं मूल अर्धा तास बसेल का? बसतं, त्याला काम दिलं तर. माझ्याकडे साबणाच्या पाण्याची वाटी असते आणि मोजायचं काम ज्याचं डोकं त्याचं. एका मुलीने सतरापर्यंत मोजून मला विचारलं होतं, “काकू, यातली आई कुठली?” दर तीन-चार दिवसांनी एकदा, असं किमान दोन आठवडे करा. औषध न लावता नुसत्या फणीने उवा गेलेली मुलं मी पाहिली आहेत, पण फणी न लावता नुसत्या औषधाने गेलेली कमीच.

फणी फिरवताना लिखा दिसतील आणि तुम्ही घाबराल, म्हणून हे सांगून ठेवते. ऊ लीख चिकटवते ती टाळूपासून पाव इंचाच्या आत, कारण तिला डोक्याची ऊब लागते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे जी लीख टाळूपासून दोन-तीन सेंटीमीटरवर आहे ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची, केव्हाच फुटलेली, नुसतं टरफल. मागे एक आई रडकुंडीला येऊन म्हणाली, “काकू, काहीही करा, जातच नाहीत.” मी पट्टी धरून दाखवली, सगळ्या पांढऱ्या लिखा बोटभर खाली. ती तीन महिने टरफलांना औषध लावत होती. चालती ऊ किंवा मुळाशी चिकटलेली तपकिरी लीख दिसली तरच उवा आहेत असं समजायचं. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही, नखाने ओढावी लागते.

खाजेवरही विसंबू नका. ती उवेच्या लाळेमुळे येते, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती सुरू व्हायला चार-सहा आठवडेही लागतात. तसंच सगळ्या उवा मेल्यावरही काही दिवस टिकते. खाजवून फोड झाले, पू आला, किंवा मानेमागे गाठी हाताला लागल्या, तर मात्र डॉक्टर.

सीताफळाच्या बियांबद्दल सासूबाई अगदीच खोटं बोलत नाहीत. त्या बियांत कीटक मारणारं विष असतं, आणि आपल्याकडे सासवडच्या बाजूला हा उपाय घरोघर माहीत आहे. पण तीच पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, दोन-दोन दिवस डोळा उघडत नाही, आणि लहान मूल डोकं धुताना स्थिर राहत नाही. तेलात कापूर घालतात तेही लहानांना नको. पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि या वयाच्या मुलांची बोटं डोक्यातून थेट तोंडात जातात. रॉकेल आणि झुरळांचा खडू यांबद्दल मला लिहावं लागू नये, पण दोन्ही लावलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून लिहिते: नाही. सासूबाईंना नाही म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातात फणी द्या. त्यांच्या पिढीचा हात आपल्यापेक्षा चांगला चालतो.

केस भादरायची गरज नाही. आखूड केसांत फणी लवकर फिरते एवढंच. मुलीलाच हवा असेल तर बॉबकट करा. नाहीतर घट्ट वेण्या. घरात धूर-फवारणी नको, गाद्या फेकायला नकोत. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. गेल्या दोन दिवसांतले अभ्रे, टॉवेल, टोपी कडकडीत पाण्यात धुवा आणि फणी-कंगवे उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, झालं. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा. ज्यांना आहेत त्यांना, आणि मुलीशेजारी जे झोपतात त्यांना, एकाच दिवशी औषध.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागतं तेव्हा ती चालत जाते. रिक्षात खेटून बसलेली सहा मुलं, एका मोबाइलवर झुकलेली चार डोकी, दुपारी शेजारी झोपलेली दोन. सोसायटीच्या बायका लगेच कामवाल्या बाईंच्या मुलीकडे बोट दाखवतात, आणि मला फार राग येतो. उवेला रोज धुतलेलं डोकंही चालतं, आणि यातल्या निम्म्या उवा चांगल्या फ्लॅटमधूनच आमच्याकडे येतात.

आणि म्हणून शाळेतल्या बाईंना सांगा. यात माझी स्वतःची चूक आहे. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एका आईला दारात, इतरांसमोर म्हटलं, “हिच्या डोक्यात उवा आहेत, घरी ठेवा.” तिने मुलीला काढून घेतलं. बाकीच्या आया हे बघून गप्प झाल्या, ज्याने त्याने गुपचूप आपापल्या दिवशी औषध लावलं, आणि उवा संक्रांत उलटेपर्यंत या डोक्यातून त्या डोक्यात फिरत राहिल्या. नंतर कळलं की अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवू नका असंच सांगते. आता पुण्यातलं पाळणाघर म्हटल्यावर पाटी ओघाने आलीच: “उवा आढळल्यास काकूंना सांगावे. नाव फोडले जाणार नाही.” कुणी सांगितलं की मी सगळ्या पालकांना एकच रविवार कळवते.

तुम्हीही बाईंना एवढंच लिहा: “मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या. या रविवारी आणि त्यानंतर नवव्या दिवशी, मंगळवारी, औषध लावते आहे. बाकीच्या पालकांना नाव न घेता सांगाल का, म्हणजे सगळ्यांचं एकदम होईल.” रिक्षावाल्या काकांनाही सांगा, त्यांना कुठल्या मुलांना विचारायचं ते बरोबर माहीत असतं.

आणि स्वतःचं डोकं दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घ्या. मागच्या वेळी आमच्या मदतनीस ताईंनी माझं पाहिलं, तेव्हा चार निघाल्या होत्या.