बॅटरीचा भाव वॉट-तासांत काढावा

कॉर्डलेस मशीन, त्यांच्या बॅटऱ्या आणि चार्जर यांच्या खरेदीविषयी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी फर्निचरचे काम करतो. माझ्याकडे नामांकित कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल असून त्यासोबत २ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या मिळाल्या होत्या. आता ग्राइंडर आणि सर्क्युलर सॉ घ्यायचा आहे. कंपनीची सुटी ५ एएच बॅटरी फार महाग वाटते. ऑनलाइन मात्र ‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ असे छापलेल्या बॅटऱ्या तिच्या निम्म्याहून कमी किमतीत दिसतात. कोणती घ्यावी? (एक कारागीर, संगमनेर)

उत्तर : आधी व्होल्टच्या आकड्यांचा निकाल लावू. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकामागोमाग जोडले की १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्जला २१. त्यामुळे ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच रचनेची तीन वर्णने आहेत आणि त्यांतला मोठा आकडा पाहून जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. खऱ्या ४८ व्होल्टसाठी तेरा सेल आणि ८८ व्होल्टसाठी सुमारे दोन डझन सेल एकामागोमाग जोडावे लागतील. तळहातावर मावणाऱ्या त्या डब्यात ते बसणे शक्य नाही. अशा बॅटऱ्यांमध्ये बहुधा तेच पाच सेलचे १८ व्होल्ट असतात आणि मोठा आकडा केवळ वेष्टनावर असतो.

एएचचा आकडाही असाच तपासावा. या बॅटऱ्यांत सर्वाधिक वापरला जाणारा सेल १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. मशीनला लागणारा जोरदार प्रवाह देऊ शकणाऱ्या या सेलची क्षमता साधारण २ ते ३ एएच असते. म्हणजे पाच सेलची एकच रांग असलेली बॅटरी फार तर ३ एएचची होईल, आणि ४, ५ किंवा ६ एएचसाठी दोन रांगा, म्हणजे दहा सेल लागतील. २१७०० हा जाड सेल वापरला असेल तर मात्र पाच सेलमध्येही ४ एएच प्रामाणिकपणे मिळतात. डबा न उघडता याची परीक्षा करायची असेल तर वजन करावे. १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असल्याने दहा सेलचेच वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर जाते, आणि डब्यासह ५ एएचची खरी बॅटरी सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. ‘६ एएच’ छापलेली बॅटरी काट्यावर साडेतीनशे ग्रॅम भरली, तर आत काय आहे हे वेगळे विचारायला नको.

किंमत ठरवताना व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार करावा. तो वॉट-तासांचा आकडा, म्हणजे बॅटरीत खरोखर साठणारी ऊर्जा. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास, १८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६. किमतीला या आकड्याने भागले की दर वॉट-तासाचा भाव हाती येतो आणि दोन बॅटऱ्यांची खरी तुलना होते. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, ५ एएचची सुटी बॅटरी ६,३०० रुपयांना आहे, तर भाव ७० रुपये पडला. तेच ग्राइंडर नुसते ५,००० रुपयांना आणि ४ एएचच्या दोन बॅटऱ्या व चार्जरसह १५,००० रुपयांना असेल, तर मशीनचे ५,००० आणि चार्जरचे २,००० वजा करून १४४ वॉट-तासांना ८,००० रुपये, म्हणजे साधारण ५५ रुपये भाव होतो. किटमधली बॅटरी सुट्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडणे हे बाजारात नेहमी दिसते, कारण एकदा बॅटरी घरात आली की ग्राहक पुढची मशीनही त्याच कंपनीची घेतो, हे विक्रेत्याला ठाऊक असते. तुम्हाला दोन मशीन घ्यायच्याच आहेत. म्हणून ग्राइंडर मोठ्या बॅटऱ्यांच्या किटमध्ये घ्यावे आणि सॉ नुसता, म्हणजे दुकानदार ज्याला ‘सोलो’ किंवा ‘बेअर’ म्हणतात तसा घ्यावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॅटरीसह मशीनच्या योजना निघतात. काम अडत नसेल तर तोपर्यंत थांबावे.

तुमच्या जुन्या २ एएचच्या बॅटऱ्या ड्रिललाच ठेवाव्यात. ग्राइंडर आणि सॉ फार प्रवाह ओढतात. एका रांगेतल्या पाच सेलवर तो सगळा भार पडला की बॅटरी तापते, मशीन मध्येच बंद पडते आणि सेलचे आयुष्य घटते. दोन रांगांत तोच भार वाटला जातो. म्हणून ग्राइंडरसाठी मोठी बॅटरी घेणे ही काटकसरच आहे.

प्रश्न : मी वायरिंगची कामे घेतो. तीन बॅटऱ्या आहेत, तरी दुपारनंतर तिन्ही उतरलेल्या असतात आणि चार्जिंग संपता संपत नाही. चौथी बॅटरी घ्यावी का? (एक वायरमन, ठाणे)

उत्तर : चौथ्या बॅटरीच्या आधी चार्जरकडे पाहावे. चार्जर किती अँपिअर देतो हे त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले असते. बॉशच्या व्यावसायिक चार्जरच्या तर नावातच ते असते : ‘१८व्ही-२०’ म्हणजे २ अँपिअर, ‘१८व्ही-४०’ म्हणजे ४ अँपिअर. २ अँपिअरच्या चार्जरला ५ एएचची बॅटरी भरायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो, कारण शेवटच्या टप्प्यात प्रवाह कमी करावा लागतो. मकिटाचा डीसी १८ आरसी हा वेगवान चार्जर तीच क्षमता सुमारे ४५ मिनिटांत भरतो, तर त्यांच्याच साध्या चार्जरला पावणेदोन ते दोन तास लागतात.

हिशेब असा की, एक बॅटरी मशीनवर जितका वेळ टिकते, त्याहून कमी वेळात दुसरी भरून तयार होत असेल तर दोन बॅटऱ्यांवर दिवसभराचे काम निघते. होत नसेल तर चारही कमीच पडतील. वेगवान चार्जर साधारणपणे मोठ्या बॅटरीपेक्षा स्वस्त असतो आणि तिच्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकतो, म्हणून तुमच्या जागी मी चार्जरच घेईन.

तो आपल्या बॅटरीच्या कंपनीचाच घ्यावा, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. बॅटरीला अधिक-उणे या दोन टोकांखेरीज आणखी टोके असतात आणि त्यांतून चार्जरला आतल्या तापमानाची व सेलच्या स्थितीची माहिती मिळते. ‘सर्व कंपन्यांना चालणारा’ म्हणून विकला जाणारा स्वस्त चार्जर ही माहिती वाचेलच असे नाही. केवळ दोन तारांनी प्रवाह ढकलणाऱ्या चार्जरला बॅटरी तापली आहे हे कळण्याचा मार्गच नसतो, आणि लिथियमच्या बाबतीत ती आगीची जोखीम आहे.

प्रश्न : एकाच कंपनीच्या १८ व्होल्टच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींना चालतात का? आणि बाजारात बॅटरी ओरिजिनल आहे की डुप्लिकेट, हे कसे ओळखावे? (पुणे, कोल्हापूर व नाशिक येथून आलेली पत्रे)

उत्तर : चालतातच असे नाही, आणि बरेचसे पैसे इथेच वाया जातात. मकिटाची एलएक्सटी आणि स्वस्त जी मालिका दोन्ही १८ व्होल्टच्या आहेत, पण एकीची बॅटरी दुसरीत बसत नाही. बॉशच्या निळ्या व्यावसायिक आणि हिरव्या घरगुती मशीनचेही तसेच आहे. स्टॅनली आणि डिवॉल्ट एकाच समूहाच्या असूनही त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. उलट डिवॉल्टची ५४ व्होल्टची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी त्यांच्या १८ व्होल्टच्या मशीनला चालते, आणि हिकोकीची ३६ व्होल्टची मल्टिव्होल्ट बॅटरीही त्यांच्या सरकपट्टीच्या (बॅटरी सरकवून बसणाऱ्या) १८ व्होल्टच्या मशीनला चालते. म्हणून दुकानात जाताना जुनी बॅटरी सोबत न्यावी आणि ती प्रत्यक्ष लावून पाहावी. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला जोडणारे अडॅप्टर मिळतात, पण ते मी सुचवणार नाही. बॅटरी फार उतरण्याआधी प्रवाह तोडण्याची सोय काही कंपन्या बॅटरीत ठेवतात, तर काही मशीनमध्ये. अशी जोडी चुकली तर ती सोय दोन्हीकडे नसते आणि बॅटरी कायमची निकामी होते.

ओळखण्याविषयी. अशा लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. ते नाव आणि खोक्यावरचे नाव जुळत नसेल तर माल घेऊ नये. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता, कमाल किंमत आणि महिना-वर्षही असावे लागते. महिना-वर्ष विशेष पाहावे, कारण दोन-तीन वर्षे दुकानात पडून राहिलेली बॅटरी हळूहळू आपोआप उतरते, आणि ती मर्यादेखाली गेली तर चार्जर तिला स्वीकारतच नाही.

‘कमाल किमतीवर ४० टक्के सूट’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. या वस्तूंची छापील किंमत आणि चालू भाव यांत पुष्कळदा मोठे अंतर असते, म्हणून तुलना दुसऱ्या दुकानाच्या भावाशी करावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी इथे तासभर फिरून तीन-चार ठिकाणी विचारले की खरा भाव कळतो. पण घासाघीस किमतीवर करावी, पावतीवर नव्हे. जीएसटी बिलाशिवाय थोडी स्वस्त मिळणारी बॅटरी वॉरंटीच्या वेळी अनाथ होते. शिवाय तुमचा व्यवसाय जीएसटीखाली नियमित नोंदणीकृत असेल, तर ७,०८० रुपयांच्या बिलातला १,०८० रुपयांचा कर तुम्हाला पुढे वळता करता येतो. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ही सोय नाही. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

प्रश्न : भाचा न्यू जर्सीहून येणार आहे. तिकडे डिवॉल्टच्या बॅटऱ्या सवलतीत मिळतात. मागवाव्यात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बॅटरी मागवण्यास हरकत नाही, चार्जर मागवू नये. अमेरिकेतली ‘२० व्होल्ट मॅक्स’ बॅटरी इथल्या १८ व्होल्टच्या डिवॉल्ट मशीनला चालते, पण तिकडचा चार्जर १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात, बॅगेज म्हणून देता येत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी ती आधी घ्यावी लागते, आणि तशा दोनच चालतात. म्हणून ५ एएचपर्यंतची बॅटरी सांगावी. टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावायला भाच्याला आठवण करावी. तिकडची वॉरंटी इथे मिळेल असे धरू नये. किमतीतला फरक तेवढा मोठा असेल तरच हा खटाटोप करावा.

प्रश्न : मे महिन्यात चार्जरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बॅटरी भरत नाही. नवी घ्यावी लागेल का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : आधी सावलीत तासभर ठेवून पाहावी. बॅटरी गरम असेल तर चार्जर ती निवेपर्यंत थांबतो. तुमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीत तर त्याहूनही जास्त, तेव्हा हे होणारच. त्यानंतरही भरली नाही तर टोके कोरड्या कापडाने पुसून दुसऱ्या चार्जरवर लावावी, आणि तिथेही तेच झाले तरच नवीचा विचार करावा. पावसाळ्यात महिनोन्‌महिने काम नसेल तर बॅटरी अर्धवट भरलेली आणि थंड जागी ठेवावी.

प्रश्न : आमच्या गावात एक जण जुन्या बॅटरीत नवे सेल घालून निम्म्या किमतीत देतो. करून घ्यावे का? (एक फॅब्रिकेटर, सांगली जिल्हा)

उत्तर : त्याने कोणते सेल घातले आहेत हे तुम्ही पाहू शकत नसाल तर करून घेऊ नये. दुरुस्तीची कल्पना मला मनापासून पटते, कारण पुष्कळ बॅटऱ्यांत एखादाच सेल किंवा एखादा सांधा बिघडलेला असतो आणि बाकीचा माल चांगला असतो. पण चांगल्या दुरुस्तीसाठी जास्त प्रवाह देणारे, एकाच क्षमतेचे, शक्यतो एकाच खेपेचे नवे सेल लागतात आणि ते निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून जोडावे लागतात. सेलला थेट सोल्डर केल्यास उष्णतेने तो आतून बिघडतो. निम्म्या किमतीत हे क्वचितच परवडते, म्हणून पुष्कळदा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल वापरले जातात. लॅपटॉपला प्रवाह कमी लागतो. तेच सेल ग्राइंडरला लावले की ते तापतात, आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आजूबाजूला रंग, थिनर असते हे तुम्हाला सांगायला नको.

त्याआधी बिलाची तारीख पाहावी, वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवावी. बाहेर एकदा डबा उघडला की तो हक्क जातो. दुरुस्ती केलेली बॅटरी आधीच वापरात असेल, तर ती रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये आणि ड्रिलसारख्या हलक्या कामापुरतीच ठेवावी.

अगदीच निकामी झालेली बॅटरी भंगारात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे देणे वापरणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी परत घेता का, घेत असाल तर किमतीत काही वजा करता का, हे विक्रेत्याला विचारावे. काही वेळा अशा अदलाबदलीच्या योजना चालू असतात. तोपर्यंत टोकांवर इन्सुलेशन टेप चिकटवून ती लोखंडी किसापासून दूर ठेवावी.